लिग्नोकेन

लिग्नोकेन : शरीराच्या एखाद्या मर्यादित भागातील वेदना व इतर संवेदना तात्पुरत्या नाहीशा करणारे संश्लेषित (कृत्रिम रीतीने तयार केलेले) औषध. याचे आंतरराष्ट्रीय सर्वसामान्य नाव लिडोकेन असे असून भारतात लिग्नोकेन हे जुन्या ब्रिटिश परंपरेतील नाव अधिक रूढ आहे. झायलोकेन हे याचे पहिले व्यापारी नाव इतके प्रचलित झाले की, दातांच्या दवाखान्यांत व शस्त्रक्रियागृहांत औषधाचाच उल्लेख त्या नावाने होतो. सामान्य व्यवहारात यास ‘जागा बधिर करण्याचे इंजेक्शन’ म्हणतात. जखमेला टाके घालणे, दात काढणे, गळू कापणे, लहान गाठ काढणे, मूत्रमार्गात नळी घालणे इ. कामांसाठी हे रोज वापरले जाते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर राहतो, स्वतः श्वास घेतो व बहुधा त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. योग्य मात्रेत हे औषध अत्यंत सुरक्षित आहे. मात्र त्याची सुरक्षितता औषधाच्या अंगी असलेल्या गुणापेक्षा मात्रेचा हिशेब, सुईच्या टोकाची जागा आणि रुग्णावरील देखरेख या तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते.

इतिहास : कोकाच्या पानांपासून आल्बेर्ट नीमान यांनी १८६० मध्ये कोकेन हे अल्कलॉइड वेगळे केले. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखविले व स्थानिक संवेदनाहरणाचे युग सुरू झाले. परंतु कोकेन विषारी व व्यसन लावणारे असल्याने पर्यायाचा शोध चालू राहिला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड आइनहोर्न यांनी तयार केलेले प्रोकेन १९०५ पासून वापरात आले. ते कमी विषारी होते. पण त्याचा परिणाम उशिरा सुरू होई व लवकर संपे, शिवाय काही रुग्णांना त्याची अ‍ॅलर्जी (अधिहर्षता) होई.

लिग्नोकेनचा शोध एका वेगळ्याच संशोधनातून लागला. स्टॉकहोम येथे हान्स फोन ऑइलर यांच्या प्रयोगशाळेत बार्ली या धान्याच्या रोपांतील ग्रामीन नावाच्या अल्कलॉइडाचा अभ्यास चालू होता. त्याची संरचना निश्चित करण्याच्या प्रयत्नात होल्गर एर्टमान यांनी १९३५ मध्ये आयसोग्रामीन हे संयुग तयार केले. त्या काळच्या प्रथेप्रमाणे त्यांनी ते चाखून पाहिले असता जीभ बधिर झाल्याचे त्यांना आढळले. हा धागा पकडून निल्स लोफग्रेन यांनी अनेक संबंधित संयुगे बनविली. त्यांतील एक त्यांनी व बेंग्ट लुंडक्व्हिस्ट यांनी १९४३ मध्ये तयार केले, तेच लिग्नोकेन होय. लुंडक्व्हिस्ट यांनी ते स्वतःच्या शरीरावर टोचून पाहिले. टोर्स्टेन गोर्ड यांनी रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या व अ‍ॅस्ट्रा या स्वीडिश कंपनीने १९४८ मध्ये ते बाजारात आणले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७७ च्या पहिल्या अत्यावश्यक औषध यादीत त्याचा समावेश होता; भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही ते आहे.

रासायनिक स्वरूप व गुणधर्म : लिग्नोकेन हे अमाइड गटातील संवेदनाहारक आहे. कोकेन व प्रोकेन ही एस्टर गटातील होत. एस्टरांचे विघटन रक्तातील एंझाइमांमुळे होते, तर लिग्नोकेनचे विघटन मुख्यत्वे यकृतात होते. मूळ पदार्थ पांढरा, स्फटिकी व पाण्यात जवळजवळ न विरघळणारा असून सु. ६८° से. ला वितळतो. त्याचे हायड्रोक्लोराइड लवण पाण्यात सहज विरघळते. म्हणून अंतःक्षेपणासाठी (इंजेक्शनासाठी) लवणाचा विद्राव वापरतात.

क्रियेचा प्रकार : वेदनेचा संदेश तंत्रिकातंतूतून (मज्जातंतूतून) विद्युत्‌ आवेगाच्या रूपाने मेंदूकडे जातो. हा आवेग निर्माण होण्यासाठी तंतूच्या पटलातील सूक्ष्म मार्गिकांतून सोडियम आयन आत शिरावे लागतात. टोचलेल्या लिग्नोकेनचे विद्युत्‌ भाररहित रेणू पटलातून आत जातात, तेथे त्यांचा काही भाग भारित होतो व सोडियमच्या मार्गिका आतील बाजूने अडवितो. आवेग पुढे सरकत नाही व मेंदूला वेदनेची वार्ता पोहोचत नाही. औषध रक्तात शोषले जाऊन निघून गेले की, तंतू पूर्ववत होतो. बारीक तंतूंवर परिणाम आधी होत असल्याने प्रथम वेदना व तापमानाची जाणीव जाते. स्पर्श व दाब यांची जाणीव उशिरा जाते. ‘दुखत नाही, पण ओढल्यासारखे वाटते’ असे रुग्ण सांगतो, ते यामुळेच. हे आधी सांगून ठेवल्यास रुग्णाची भीती पुष्कळ कमी होते.

पू झालेल्या किंवा सुजलेल्या जागी ऊतके अम्लधर्मी असतात. तेथे भाररहित रेणूंचे प्रमाण घटते व औषध नीट लागू पडत नाही. अशा वेळी त्याच जागी पुन्हा पुन्हा औषध टोचत राहणे निरर्थक व धोक्याचे असते. दूर अंतरावर संबंधित तंत्रिकेचा रोध (नर्व्ह ब्लॉक) करणे हा योग्य मार्ग होय.

त्वचेखाली टोचल्यावर दोन ते पाच मिनिटांत बधिरता येते व साधारणतः अर्धा ते दोन तास टिकते. विद्रावात अ‍ॅड्रेनॅलीन मिसळल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो, शोषण मंदावते व परिणाम अधिक काळ टिकतो.

हीच क्रिया हृदयाच्या स्नायूतही घडते. त्यामुळे निलयांपासून (हृदयाच्या खालच्या कप्प्यांपासून) उद्‌भवणाऱ्या ठोक्यांच्या घातक अनियमिततेवर लिग्नोकेन नीलेतून (शिरेतून) देतात. १९६० नंतरच्या काळात हृद्‌रोग कक्षांत हा उपचार फार प्रचलित होता. हृदयविकाराच्या झटक्यानंतर प्रतिबंधक म्हणून सर्वांना हे औषध देण्याची प्रथा मात्र पुढे सोडण्यात आली. एकाच रेणूची ही दोन कार्ये लक्षात घेतली म्हणजे अतिमात्रेत मेंदू व हृदय यांनाच प्रथम धोका का पोहोचतो, याचा उलगडा होतो.

तयार प्रकार : औषधाची तीव्रता टक्क्यांत लिहिलेली असते. १% म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिग्रॅ.; २% म्हणजे २० मिग्रॅ. टक्क्यांच्या आकड्याला दहाने गुणले की, दर मिलिलिटरमागील मिलिग्रॅम मिळतात.

भारतात पुढील प्रकार प्रामुख्याने वापरात आहेत : (१) १% व २% साधा विद्राव, बहुधा ३० मिलि.च्या अनेकवार वापराच्या कुपीत. (२) १ : २,००,००० किंवा दंतवैद्यकासाठी १ : ८०,००० या प्रमाणात अ‍ॅड्रेनॅलीन मिसळलेला २% विद्राव. (३) मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात देण्याचा डेक्स्ट्रोजयुक्त ५% ‘जड’ विद्राव. (४) हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेसाठी नीलेतून देण्याचा, परिरक्षकविरहित २% विद्राव. (५) मूत्रमार्गासाठी २% जेली, घशासाठी १०% फवारा, श्लेष्मकलेसाठी (आतील ओलसर अस्तरासाठी) ४% विद्राव व ५% मलम. (६) प्रिलोकेनसह त्वचेवर लावण्याचे मलम.

या कुप्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचा वापर अदलाबदलीने करता येत नाही. अनेकवार वापराच्या कुपीत मिथिल पॅराबेन हे परिरक्षक असते; असा विद्राव मेरुरज्जूभोवतीच्या पोकळीत किंवा नीलेत देत नाहीत. अ‍ॅड्रेनॅलीनयुक्त विद्राव नीलेत गेल्यास हृदयाचे ठोके व रक्तदाब धोकादायक रीत्या वाढतात. स्नायूत टोचावयाच्या काही प्रतिजैविकांची, उदा., सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची, वेदना कमी व्हावी म्हणून ती लिग्नोकेनमध्ये विरघळवितात. असा विद्राव कधीही नीलेतून देऊ नये. ‘जड’ विद्राव मेरुरज्जूजवळ वापरल्यावर काही रुग्णांत कंबर व पाय यांत तात्पुरत्या वेदना आढळल्याची नोंद १९९३ पासून होत गेली. त्यामुळे त्या कामासाठी आता ब्युपिव्हाकेन अधिक पसंत केले जाते.

उपयोगाच्या पद्धती : पृष्ठीय पद्धतीत औषध श्लेष्मकलेवर किंवा त्वचेवर लावतात. अंतर्भरण पद्धतीत ते जखमेच्या कडांत टोचतात. तंत्रिकारोधात बोट, हात, जबडा इत्यादींकडे जाणाऱ्या तंत्रिकेभोवती औषध सोडतात. दृढतानिका-बाह्य (एपिड्यूरल) पद्धतीत ते मेरुरज्जूच्या आवरणाबाहेर देतात. नीलांतर्गत प्रादेशिक पद्धत आउगुस्ट बीअर यांनी १९०८ मध्ये प्रोकेन वापरून सुरू केली. तीत हाताला रक्तबंध (टुर्निके) बांधून त्याखालील नीलेत अ‍ॅड्रेनॅलीनविरहित ०·५% लिग्नोकेन देतात. मनगटाचे हाड बसविण्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. परंतु औषध दिल्यापासून किमान वीस ते तीस मिनिटे रक्तबंध सोडता येत नाही. तो लवकर सुटल्यास सर्व औषध एकदम हृदयाकडे जाते.

कोकणात व ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात विंचूदंशाच्या रुग्णांत याचा एक विशेष उपयोग होतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास करून हृदय व फुप्फुसे यांवरील घातक परिणामांसाठी प्राझोसीन हे औषध प्रचारात आणले. दंशाच्या जागीच असह्य वेदना असतील, तर तेथे अ‍ॅड्रेनॅलीनविरहित लिग्नोकेन टोचल्याने आराम पडतो. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलीनसदृश द्रव्ये आधीच फार वाढलेली असतात, म्हणून येथे साधा विद्रावच वापरणे अगत्याचे असते. वेदना थांबली म्हणजे विषबाधा टळली, असे मात्र मानता येत नाही. रुग्णाच्या नाडीवर, रक्तदाबावर व श्वासावर लक्ष ठेवावेच लागते.

मात्रेचा हिशेब : प्रौढांत साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किग्रॅ.ला सु. ४·५ मिग्रॅ. व एकूण ३०० मिग्रॅ. धरतात. अ‍ॅड्रेनॅलीनसह ती दर किग्रॅ.ला ७ मिग्रॅ. व एकूण ५०० मिग्रॅ. आहे. काही देशांत याहूनही कमी मर्यादा पाळतात. लहान मुलांच्या दंतोपचारांत अ‍ॅड्रेनॅलीन असले, तरी दर किग्रॅ.ला ४·४ मिग्रॅ. ही मर्यादा सुचविलेली आहे.

६० किग्रॅ. वजनाच्या निरोगी प्रौढाला साधे लिग्नोकेन २७० मिग्रॅ.पर्यंत, म्हणजे २% विद्राव १३·५ मिलि.पर्यंत देता येतो. ३० मिलि.च्या एका कुपीत मात्र ६०० मिग्रॅ. औषध असते, म्हणजे पूर्ण कुपी ही त्याच्या कमाल मात्रेच्या दुपटीहून अधिक ठरते. १० किग्रॅ. वजनाच्या बालकाची मर्यादा ४५ मिग्रॅ., म्हणजे २% विद्रावाचे केवळ २·२५ मिलि. एवढीच आहे. १·८ मिलि.च्या दंतवैद्यकीय नळीत ३६ मिग्रॅ. औषध असते, १२ किग्रॅ.च्या मुलाला अशा दीड नळीपेक्षा अधिक देता येत नाही. मोठी जखम असल्यास २% ऐवजी १% किंवा ०·५% विद्राव वापरल्याने तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये अधिक जागा बधिर करता येते व वेदनाशमनही पुरेसे मिळते.

वेगवेगळ्या मार्गांनी दिलेल्या मात्रांची बेरीज करणे आवश्यक असते. १०% फवाऱ्याच्या एका दाबात सु. १० मिग्रॅ. औषध बाहेर पडते. मूत्रमार्गात १० मिलि. जेली घातली तर २०० मिग्रॅ. औषध जाते. हे ‘इंजेक्शन नव्हे’ म्हणून हिशेबातून वगळण्याची चूक घडते. वस्तुतः घसा, श्वासनलिका व दुखावलेला मूत्रमार्ग येथून औषध फार वेगाने शोषले जाते. टोचलेल्या औषधाचे शोषण बरगड्यांमधील जागेतून सर्वांत जलद व त्वचेखालून सर्वांत मंद होते. त्यामुळे तीच मात्रा एका जागी निर्धोक व दुसऱ्या जागी धोकादायक ठरू शकते.

वृद्ध, अशक्त, यकृताचा विकार किंवा हृद्‌दौर्बल्य असलेले रुग्ण व गर्भवती स्त्रिया यांत मात्रा कमी ठेवतात. प्रोप्रॅनोलॉल व सिमेटिडीन या औषधांमुळे लिग्नोकेनचा शरीरातून होणारा निचरा मंदावतो. हृदयाच्या संवहनात रोध (हार्ट ब्लॉक) असलेल्यांत नीलेतून लिग्नोकेन देणे धोक्याचे असते. हृद्‌रोग्याच्या दंतोपचारात अ‍ॅड्रेनॅलीनची एकूण मात्रा सु. ४० मायक्रोग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवतात. १ : ८०,००० विद्रावात ही मर्यादा ३·२ मिलि.मध्येच गाठली जाते. बोटे, नाक, कान, शिश्न अशा टोकाच्या भागांत अ‍ॅड्रेनॅलीन पूर्णतः वर्ज्य मानले जाई. निरोगी रक्तपुरवठा असलेल्या बोटांत सौम्य प्रमाण सुरक्षित असल्याचे अलीकडील अभ्यासांत दिसून आले आहे. तथापि मधुमेही व रक्तवाहिन्यांचे विकार असलेले रुग्ण यांत जुना नियम पाळणे श्रेयस्कर होय.

टोचण्याची रीत : प्रथम कुपीवरील नाव, टक्केवारी, अ‍ॅड्रेनॅलीन आहे की नाही व मुदतीची तारीख ही मोठ्याने वाचून दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घेतात. पिचकारीत औषध भरताच तिच्यावर नावाची चिठ्ठी लावतात. कुपीच्या रबरी बुचावर जंतुनाशक लावून दर वेळी नवी सुई व नवी पिचकारी वापरतात. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहतात; रक्त आल्यास सुईची जागा बदलतात. रक्त आले नाही म्हणजे सुई रक्तवाहिनीत नाहीच, अशी खात्री देता येत नाही. म्हणून औषध थोडे थोडे, थांबत थांबत सोडतात व त्या वेळी रुग्णाशी बोलत राहतात. रुग्णाचे बोलणे हे अतिमात्रा ओळखण्याचे सर्वांत साधे साधन आहे. बारीक सुई, सावकाश अंतःक्षेपण व विद्रावात अल्प प्रमाणात सोडियम बायकार्बोनेट मिसळणे या उपायांनी टोचतानाची आग कमी होते.

‘टेस्ट डोस’ची समजूत : औषध देण्यापूर्वी हाताच्या त्वचेत थोडे लिग्नोकेन टोचून ‘टेस्ट’ घेण्याची प्रथा अनेक दवाखान्यांत आढळते. अमाइड गटातील संवेदनाहारकांची खरी अ‍ॅलर्जी अत्यंत दुर्मिळ आहे. पूर्वेतिहास नसलेल्या रुग्णात या चाचणीने फारसे काही कळत नाही; अतिमात्रेचा धोका तर तिने मुळीच टळत नाही. उलट चाचणी निर्दोष आली म्हणून हिशेबात ढिलाई होण्याची शक्यता असते. ‘मला हे इंजेक्शन सोसत नाही’ असे सांगणाऱ्या बहुतेक रुग्णांना भीतीने आलेली घेरी, अ‍ॅड्रेनॅलीनमुळे झालेली धडधड अथवा परिरक्षकाचा त्रास झालेला असतो. पूर्वी अंगावर पित्त उठणे, चेहरा सुजणे, दम लागणे असे घडले असल्यास मात्र तज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी लागते.

विषबाधा व उपचार : रक्तातील प्रमाण दर मिलिलिटरला सु. ५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेल्यावर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. ओठ व जीभ यांभोवती मुंग्या येणे, तोंडाला धातूसारखी चव येणे, कानांत आवाज होणे, चक्कर, अंधुक दिसणे, अस्वस्थता किंवा असंबद्ध बडबड ही आरंभीची लक्षणे होत. त्यानंतर स्नायू फडफडणे, झटके (आकडी), बेशुद्धी व श्वास थांबणे, आणि शेवटी रक्तदाब घसरून हृदय मंदावणे किंवा बंद पडणे असा क्रम असतो. औषध थेट रक्तवाहिनीत गेल्यास आरंभीची लक्षणे न दिसता एकदम झटके येऊ शकतात. त्वचेखालून सावकाश शोषले गेल्यास लक्षणे अर्ध्या तासाने किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेत अतिसौम्य विद्राव फार मोठ्या प्रमाणात भरतात; तेथे रक्तातील पातळी बारा तासांनंतरही वाढत असू शकते.

लक्षण दिसताच अंतःक्षेपण थांबवितात, मदत बोलावितात, श्वासमार्ग मोकळा ठेवून शुद्ध ऑक्सिजन देतात. श्वास अपुरा असल्यास तो कृत्रिम रीतीने चालू ठेवतात, कारण ऑक्सिजनच्या अभावामुळे व रक्तातील अम्लतेमुळे विषबाधा अधिक तीव्र होते. झटके मिडॅझोलाम किंवा डायाझेपाम देऊन आवरतात. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देणे लगेच सुरू करून बराच वेळ चालू ठेवतात. औषधाचा अंमल उतरल्यावर हृदय पूर्ववत होण्याची आशा असते. गंभीर विषबाधेत २०% मेद पायस (लिपिड इमल्शन) नीलेतून देतात. या उपायाचा पाया गाय वाइनबर्ग व त्यांचे सहकारी यांच्या १९९८ मधील उंदरांवरील प्रयोगांनी घातला व २००६ मध्ये मानवी रुग्णातील यशस्वी वापर प्रसिद्ध झाला. प्रथम दर किग्रॅ.ला १·५ मिलि. दोन-तीन मिनिटांत व नंतर दर किग्रॅ.ला मिनिटाला ०·२५ मिलि. असे हे पायस देतात. एकूण मर्यादा दर किग्रॅ.ला १२ मिलि. आहे. प्रोपोफॉल हे मेदयुक्त भूल देण्याचे औषध या पायसाऐवजी चालत नाही, कारण त्याने रक्तदाब आणखी घसरतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर : १९८२ मध्ये ठाणे व १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली (नंतर कल्याण-डोंबिवली). त्यानंतरच्या दशकांत येथील लोकवस्ती झपाट्याने वाढली व वैद्यकीय सेवा दोन स्तरांवर विस्तारल्या. एका बाजूला ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्यास जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९९२), कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय या सार्वजनिक संस्था आहेत. दुसऱ्या बाजूला स्थानक परिसरातील व गृहसंकुलांच्या तळमजल्यांवरील असंख्य खाजगी दवाखाने, दंतचिकित्सालये, लहान प्रसूतिगृहे व त्वचासौंदर्य केंद्रे आहेत. रेल्वे व रस्ते अपघातांतील जखमा, कारखान्यांत चिरडलेली बोटे, पावसाळ्यात घसरून मोडलेली मनगटे, दातदुखी यांसाठी दोन्ही स्तरांवर लिग्नोकेन नित्य वापरले जाते.

मोठ्या रुग्णालयात भूलतज्ञ, ऑक्सिजन व कृत्रिम श्वसनाची साधने हाताशी असतात. एकखोली दवाखान्यात बहुधा एक वैद्य व एक मदतनीस असतो. झटका आलेल्या रुग्णाला घोडबंदर मार्गावरून किंवा कल्याण-शीळ मार्गावरून गर्दीच्या वेळी रुग्णालयात नेण्यास लागणारा वेळ आणि ऑक्सिजनाविना मेंदू तग धरू शकतो तो काही मिनिटांचा अवधी, यांची तुलना होऊ शकत नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेमुळे डॉक्टरसह वाहन मागविता येते. तरी पहिल्या मिनिटांचे उपचार जागेवरच व्हावे लागतात. म्हणून जेथे हे औषध टोचले जाते तेथे ऑक्सिजन, श्वास देण्याची फुगा-मुखवटा पिशवी, शोषण यंत्र, नीलेत घालण्याची सुई, झटक्यांवरील औषध व नाडी-ऑक्सिजन मापक असणे आणि मदतनिसाला छातीवर दाब देण्याचे शिक्षण मिळालेले असणे, ही किमान अपेक्षा होय. तंत्रिकारोध किंवा मोठ्या मात्रा जेथे दिल्या जातात तेथे मेद पायसही ठेवले जाते. या भागातील उकाडा व दमटपणा लक्षात घेता कुप्या वेष्टनावर नमूद केलेल्या तापमानातच ठेवाव्या लागतात. अ‍ॅड्रेनॅलीनयुक्त विद्राव प्रकाशापासूनही दूर ठेवतात व त्याचा रंग तपकिरी झाल्यास तो टाकून देतात.

घरगुती व सौंदर्योपचारांतील वापर : दात येताना चिडचिड करणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना बधिर करणारे औषध चोळण्याची प्रथा धोकादायक आहे. बाळ ते गिळते, मात्रा मोजली जात नाही व घसा बधिर झाल्याने दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. लिग्नोकेनच्या घट्ट विद्रावाने बालकांत झटके, हृदयास इजा व मृत्यू ओढवल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्याविरुद्ध ठळक इशारा दिला. स्वच्छ बोटाने हिरड्या हलके चोळणे किंवा गार केलेले रबरी खेळणे चावावयास देणे हे उपाय पुरेसे असतात. त्याच प्रशासनाने २००७ मध्ये आणखी एक इशारा दिला होता. लेसरने केस काढण्यापूर्वी दोन तरुणींनी पायांना बधिर करणारे मलम लावून त्यावर प्लॅस्टिक गुंडाळले होते. दोघींनाही झटके आले व त्यांचा मृत्यू झाला. मोठ्या पृष्ठभागावर, सोललेल्या त्वचेवर किंवा आवरणाखाली लावलेले मलम टोचलेल्या औषधाप्रमाणेच रक्तात जाते. प्रिलोकेनयुक्त मलमाने लहान बाळांत रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करणारा मेथहीमोग्लोबिनरक्तता हा विकारही उद्‌भवू शकतो.

रुग्णाने घ्यावयाची दक्षता : आपले किंवा मुलाचे वजन, चालू असलेली औषधे, हृदय, यकृत, रक्तदाब यांचे विकार, गर्भारपण व पूर्वी झालेला त्रास हे उपचारापूर्वी सांगणे आवश्यक असते. टोचताना तोंडाभोवती मुंग्या आल्यास किंवा कानांत आवाज होऊ लागल्यास संकोच न करता त्याच क्षणी सांगावयाचे असते. उपचारानंतर काही वेळ दवाखान्यातच थांबणे हिताचे ठरते. दंतोपचारानंतर मुले बधिर ओठ किंवा गाल चावून जखमा करून घेतात. म्हणून बधिरता उतरेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. घशात फवारा मारला असल्यास संवेदना पूर्ववत होईपर्यंत, साधारणतः तासभर, अन्नपाणी वर्ज्य असते. बधिर भागाला शेक देऊ नये, कारण भाजल्याचे कळत नाही.

औषधाच्या अनिष्ट परिणामांची नोंद भारतात २०१० मध्ये सुरू झालेल्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे वैद्य, परिचारिका, औषधविक्रेते व स्वतः रुग्णही करू शकतात. किती मिलिग्रॅम, कोणत्या जागी व किती वाजता दिले ही तीन पदे प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवल्यास अशी नोंद अर्थपूर्ण होते व पुढच्या रुग्णाची मात्रा ठरविताना तिचा उपयोग होतो.